टीवर लाईन ड्राइव्ह, सामन्यात पॉप-अप: सॉफ्टबॉलची हिटिंग नेमकी कुठे बिघडते?

शालेय स्पर्धांचा मोसम जवळ आला की दरवर्षी हीच तक्रार ऐकू येते. मुलगी टीवर, म्हणजे बॉल ठेवायच्या उभ्या दांड्यावर, ठेवलेला बॉल असा सरळ, सपाट (लाईन ड्राइव्ह) मारते की मागची जाळी वाकते. सामन्यात तीनदा बॅटिंगला येते: एकदा बॉल टाकणाऱ्या पिचरच्याच डोक्यावर पॉप-अप, म्हणजे उंच उडालेला सोपा झेल, एकदा शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या खेळाडूकडे) घरंगळत जाणारा ग्राउंडर, एकदा स्ट्राईक आउट, म्हणजे तीन स्ट्राईक होऊन बाद. बाकावर येऊन बसते आणि म्हणते, "मॅडम, सरावात तर लागत होता." खरंच लागत असतो.

पुढे जे होतं त्याचीच मला जास्त काळजी वाटते. दुसऱ्या दिवशी सगळे मिळून तिचा स्विंग दुरुस्त करायला घेतात. सर म्हणतात कोपर वर ठेव, सीनियर ताई सांगते खांदा पाडू नकोस, वडील मोबाईलवर परदेशातल्या एखाद्या खेळाडूचा व्हिडिओ दाखवतात. आठवड्याभरात त्या मुलीचा चांगला स्विंगही विस्कटतो आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. कारण बहुतेक वेळा दोष स्विंगमध्ये नसतो, वेळेत असतो. बॅट बरोबर फिरते, पण चुकीच्या क्षणी फिरते.

म्हणून स्विंगला हात लावायच्या आधी बॉल कुठे गेला ते बघा. लागलेला बॉल तर बघाच, पण त्याहून जास्त फाउल झालेला, म्हणजे मैदानाच्या रेषेबाहेर गेलेला, बघा.

आधी वही, मग ड्रिल

बाकावर बसलेल्या एका मुलीच्या हातात वही द्या. दर स्विंगला दोनच गोष्टी लिहायच्या: बॉल होम प्लेटच्या (हिटर जिच्या बाजूला उभी राहते ती पाटी) आतल्या, म्हणजे हिटरकडच्या, बाजूला होता, मध्ये होता की बाहेर, आणि मारल्यावर कुठे गेला. सरावातल्या सामन्यात हे सहज जमतं, आणि लिहिणाऱ्या मुलीचाही खेळ सुधारतो, कारण ती पहिल्यांदाच इतकं लक्ष देऊन बघत असते.

उजव्या हाताने खेळणारीचे फाउल पुन्हा पुन्हा पहिल्या बेसच्या बाजूला जात असतील तर ती उशीर करते आहे. तिसऱ्या बेसच्या बाजूला जात असतील तर घाई करते आहे. डावखुरीच्या बाबतीत हे उलटं वाचायचं. फाउल सरळ मागे, प्लेटमागे बसणाऱ्या कॅचरच्या डोक्यावरून जात असेल तर वेळ अगदी बरोबर आहे, बॅट फक्त बॉलच्या किंचित खालून गेली. अशा फाउलनंतर मुली मान खाली घालतात, आणि मला तेव्हाच त्यांना ओरडून शाबासकी द्यावीशी वाटते. तिथे काहीही बदलायचं नसतं.

बॉल आत होता की बाहेर, हे लिहायचं कारण असं की बाहेरचा बॉल उजव्या बाजूला जाणं हा दोष नाही. तो तिकडेच जायला हवा. मधला आणि आतला बॉलही जर पहिल्या बेसकडे फाउल जात असेल, तर मात्र उशीर नक्की समजा. बॅट लागलीच नसेल तर कॅचरला विचारा: बॉल आधी मिटमध्ये (ग्लव्हमध्ये) आला की बॅट आधी गेली? कॅचर इतकं नेमकं कोणीच सांगू शकत नाही. शंका राहिलीच तर बाजूने मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट करा. मात्र ते शूटिंग मुलीला लगेच दाखवू नका, आधी तुम्ही बघा.

दहा-बारा स्विंगची नोंद झाली की चित्र दिसू लागतं. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त सापडतो तो उशीर, आणि सर्वांत कमी इलाज होतो तोही उशिरावरच.

उशीर का होतो

महिलांच्या फास्टपिच (वेगवान पिचिंगच्या) सॉफ्टबॉलमध्ये पिचरची जागा होम प्लेटपासून 43 फुटांवर, म्हणजे 13.11 मीटरवर असते. पुरुषांसाठी 46 फूट. पिचर लांब पाऊल टाकून बॉल सोडते, त्यामुळे बॉलला प्रत्यक्षात साडेअकरा मीटरच्या आसपासच अंतर कापायचं असतं. ताशी 72 किलोमीटरचा बॉल धरला तर तो सेकंदाला 20 मीटर जातो आणि प्लेटवर साधारण 0.58 सेकंदात पोचतो. ताशी 90 किलोमीटरचा बॉल 0.46 सेकंदात येतो. ऑलिंपिकमध्ये 110 किलोमीटरच्या आसपास टाकणाऱ्या पिचर असतात, तिथे 0.38 सेकंद मिळतात. त्यातले 0.15 ते 0.2 सेकंद निव्वळ बॅट फिरवण्यात जातात. उरलेल्या वेळात बॉल बघायचा, तो मारण्याजोगा आहे का ते ठरवायचं आणि पाय टेकवायचा. टीवर यातलं काहीच करावं लागत नाही, म्हणून टीवरची जोरदार हिट या दोषाबद्दल काहीच सांगत नाही.

ताकदीने हा प्रश्न सुटत नाही. 2004 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रदर्शनी सामन्यात सॉफ्टबॉलची पिचर जेनी फिंच हिने अल्बर्ट पुहोल्स आणि माईक पियाझा या बेसबॉलमधल्या नावाजलेल्या हिटरना स्ट्राईक आउट केलं. ते दोघे रोज याहून कितीतरी वेगवान बॉल मारत होते. पण खांद्यावरून येणारा हात वाचायची त्यांना सवय होती, मांडीजवळून सुटणारा बॉल त्यांच्या डोळ्यांना अनोळखी होता. हिटर बॉलकडे बघून जेवढं ठरवतो तेवढंच, किंबहुना जास्तच, पिचरच्या अंगाकडे बघून ठरवतो.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. जळगाव असो, अमरावती असो की लातूर, सॉफ्टबॉलकडे वळणारी बहुतेक मुलं-मुली गल्लीतलं क्रिकेट खेळून आलेली असतात. तिथे टप्पा पडला की बॉल कळतो. डोळा नकळत त्या टप्प्याची वाट बघत राहतो, आणि सॉफ्टबॉलमध्ये टप्पा पडतच नाही. शिवाय पुढचा पाय बॉलच्या दिशेने लांब टाकायची सवय असते. पाय लांब गेला की डोकंही पुढे जातं, बॉल आहे त्याहून वेगाने आल्यासारखा वाटतो आणि सगळं वजन पुढे गेल्यामुळे बॅटला मागून जोर मिळत नाही. क्रिकेट खेळलेल्या मुलीची हात-डोळ्याची सांगड चांगली असते, ते मोठं भांडवल आहे. फक्त पायाची आणि वेळेची सवय नवी लावावी लागते.

उशिरावरचे ड्रिल

पहिल्या ड्रिलमध्ये बॅट फिरवायचीच नाही. पिचर कॅचरला टाकून वॉर्म-अप करत असते तेव्हा हिटरला हेल्मेट घालून प्लेटच्या बाजूला उभं करा, बॅट नेहमीसारखी खांद्याजवळ. पिचरचा हात डोक्यावर येईल तेव्हा वजन मागच्या पायावर गेलेलं हवं. बॉल मांडीजवळून सुटता सुटता पुढचा पाय अलगद टेकलेला हवा. पाऊल छोटं, वीतभर पुरे, टाच नंतर. आणि बॉल निम्म्या वाटेवर यायच्या आत तोंडाने मोठ्याने "हो" किंवा "नाही" म्हणायचं: हो म्हणजे मारला असता, नाही म्हणजे सोडला असता. सुरुवातीला आवाज बॉल कॅचरच्या मिटमध्ये गेल्यावर येतो. त्यातच दोष उघड होतो, वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हळूहळू आवाज पुढे सरकतो.

इथे एक छोटी सूचना फार कामाची आहे. मनातलं उत्तर सुरुवातीपासून "हो, हो" असंच चालू हवं. बॉल वाईट दिसला तर शेवटी "नाही" म्हणून थांबायचं. ज्या मुली आधी बॉल चांगला आहे का ते ठरवतात आणि मग मारायला निघतात, त्यांना कायम उशीर होतो. थांबणं हे निघण्याहून लवकर जमतं.

दुसरा ड्रिल म्हणजे समोरून टाकलेला अंडरआर्म बॉल, फ्रंट टॉस. बाजूला गुडघ्यावर बसून टाकायचा सॉफ्ट टॉस सगळीकडे चालतो, पण त्यात बॉल अशा कोनातून येतो ज्या कोनातून सामन्यात कधीच येत नाही. हात गरम करायला तो ठीक, वेळ शिकवायला नाही. समोरून टाका. आणि यासाठी वेगवान पिचर लागत नाही, हे ज्या शाळांकडे पिचरच नाही त्यांनी नीट लक्षात घ्यावं. 6 मीटरवरून ताशी 36 किलोमीटरने, म्हणजे अगदी हलक्या हाताने टाकलेला बॉल 0.6 सेकंदात पोचतो. ताशी 72 किलोमीटरच्या पिचलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. मीटरभर पुढे या, अर्ध्या सेकंदाचा बॉल झाला. म्हणजे पीटीच्या सरांनाही राज्यस्तरावरच्या पिचरची घाई मुलींना दाखवता येते. टाकताना हात पूर्ण गोल फिरवून टाका, नुसता झुलवून नको, कारण हिटरला त्या गोलावरूनच आपली वेळ पकडायची आहे.

पण 5-6 मीटरवर उभं राहायचं तर समोर आडोसा हवाच. एल आकाराची जाळीची चौकट असेल तर उत्तम. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पाइपची चौकट करून त्यावर क्रिकेटची जुनी जाळी दुहेरी बांधली तरी चालते. तीही नसेल तर चामड्याचा बॉल वापरू नका, प्लास्टिकचा भोकांचा बॉल किंवा टेनिस बॉल घ्या. इतक्या जवळून आलेला लाईन ड्राइव्ह चुकवता येत नाही.

उलट दोष, म्हणजे घाई, बहुधा चेंज-अपवर, म्हणजे वेगवान वाटून हळू येणाऱ्या बॉलवर, दिसतो. फ्रंट टॉसमध्येच न सांगता मधूनमधून हळू बॉल टाका, हात मात्र तितक्याच वेगाने फिरवा. पाय टेकला तरी हात मागेच राहिले पाहिजेत. पाय आणि बॅट एकत्र निघत असतील तर मुलीला टीसमोर उभं करून पाय टेकवायला सांगा, तुम्ही "मार" म्हणाल तेव्हाच मारायचं, आणि "मार" कधी लगेच म्हणा, कधी क्षणभर थांबून.

वेळ बरोबर, तरी पॉप-अप

वेळ बरोबर असूनही बॉल वर उडतो तेव्हा स्विंगकडे बघायची वेळ आली असं समजा. पॉप-अप म्हणजे बॅट बॉलच्या खालून गेली. ती खालून का गेली याची कारणं दोन-तीनच असतात. स्विंग सुरू होताना हात खांद्यापासून खाली छातीपर्यंत घसरतात. किंवा मागचा खांदा कोसळतो आणि बॅटचं टोक खाली लोंबतं. किंवा मुलगी बॉल उचलायच्या नादात वर मारते. सॉफ्टबॉलमध्ये बॉल कमरेच्या खालून सुटतो, त्यामुळे वरच्या उंचीचा बॉल बराच सपाट येतो. राइज बॉल तर अपेक्षेपेक्षा कमी पडतो, म्हणून वर चढल्यासारखा भासतो. खालून वर जाणारी बॅट अशा बॉलला हमखास चुकते.

यावर उंच टी वापरा. बॉल काखेच्या थोडा खाली येईल इतकी टी वर करा. स्ट्राईक झोन काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत असतो, तेव्हा हा बॉल स्ट्राईकच आहे. हात घसरले तर बॅट टीच्या रबराला लागेल आणि धप्प असा आवाज येईल. बॉलच लागला तर टणक आवाज येईल. काहीही बोलू नका, आवाजावरून तिला कळू द्या. लक्ष्य समोरच्या जाळीवर, टीच्याच उंचीला बांधलेली एखादी पट्टी. बॉल त्या पट्टीला किंवा किंचित खाली लागला पाहिजे. जाळीच्या वरच्या दोरीला लागलेला बॉल सामन्यात सेकंड बेसवरच्या खेळाडूच्या हातात असतो.

हे जमल्यावर त्याच मुलीला लगेच कमी उंचीवर मारायला लावा. नाहीतर ती उंच बॉलसाठी शिकलेला स्विंग गुडघ्याच्या बॉलला वापरते आणि बॉलच्या डोक्यावरून बॅट नेते. खालच्या बॉलसाठी गुडघे वाकवायचे, पाठ नाही.

शॉर्टस्टॉपकडे ग्राउंडर

शाळेच्या संघांत याचं प्रमाण पॉप-अपपेक्षा जास्त असावं, आणि तो दोष मानलाच जात नाही, कारण आपल्या स्पर्धांमध्ये शॉर्टस्टॉपची थ्रो चुकते आणि हिटर बेसवर पोचते. विभागस्तरावर पोचलात की ती थ्रो चुकत नाही.

उजव्या हाताने खेळणारी मुलगी बाहेरचा बॉल ओढून मारते तेव्हा असं होतं. पुढचा खांदा आणि कंबर लवकर उघडते, बॅट बॉलला वळसा घालून येते आणि बॉलला लागायच्या आधीच मनगट उलटतं. बॅट बॉलला भेटते त्या क्षणी वरच्या हाताचा तळवा आकाशाकडे आणि नॉबजवळच्या (बॅटच्या मुठीच्या टोकाच्या गोळ्याजवळच्या) हाताचा तळवा जमिनीकडे असला पाहिजे. मनगट उलटायचं ते बॉल निघून गेल्यावर.

बॉल कुठे भेटायचा हेही बॉलच्या जागेवर ठरतं. आतला बॉल पुढच्या पायाच्या पुढे, मधला साधारण पुढच्या पायाच्या रेषेत, बाहेरचा त्याहून मागे, पोटासमोर. होम प्लेट 17 इंच, म्हणजे 43 सेंटिमीटर रुंद असते. एवढ्या रुंदीत भेटायची जागा हातभर पुढे-मागे होते. ज्या शाळेत टी एकाच ठिकाणी सिमेंटमध्ये पुरलेली असते, तिथल्या मुली एकच बॉल मारायला शिकतात.

तेव्हा टी बाहेरच्या कडेला आणि मागे सरकवा, आणि बॉल सेकंड बेसच्या डोक्यावरून उजव्या मैदानात मारायला सांगा. तिकडे एक बादली किंवा कोन ठेवा. डाव्या बाजूला गेलेली एकही हिट मोजायची नाही, कितीही जोरात असली तरी. सुरुवातीला मुली वैतागतात, कारण जोराची हिट बाद ठरते. टिकून राहा.

बॅट वळसा घालत असेल, म्हणजे हात अंगापासून लांब जाऊन फिरत असतील, तर जाळीजवळचा जुना ड्रिल आजही सर्वांत चांगला. नॉब पोटाला टेकवून बॅटचं टोक समोरच्या जाळीला लागेल इतक्या अंतरावर उभं राहायचं, आणि जाळीला न लागता स्विंग करायचा. हात अंगाजवळून निघाले तरच जमतं. हा ड्रिल भिंतीपुढे करू नका. ॲल्युमिनियमच्या बॅटला खड्डा पडतो आणि मनगटालाही झटका बसतो. आणि पाच-सहा स्विंगांच्या वर नको. बाहेरचा बॉल मारताना हात शेवटी लांबवायचेच असतात, त्यामुळे हा ड्रिल जास्त झाला तर मुली आखडतात.

टी हलती ठेवा

विकतची टी नसली तरी अडत नाही. हार्डवेअरच्या दुकानातला पीव्हीसी पाइप, त्यात सरकणारा दुसरा थोडा बारीक पाइप, वर गाडीच्या रबरी होजचा वीतभर तुकडा, आणि खाली सिमेंट भरलेला रंगाचा डबा. उंची कमी-जास्त झाली पाहिजे आणि उचलून हलवता आली पाहिजे, या दोन अटी पाळा. टीसमोर होम प्लेट ठेवायला विसरू नका. प्लेट नसेल तर खडूने आखा. प्लेटशिवाय मारणाऱ्या मुलीला आपण आतला बॉल मारतोय की बाहेरचा, याचा पत्ताच नसतो.

ठरलेल्या क्रमाचा सराव फसवतो

आता ज्या गोष्टीमुळे सरावातली हिटिंग सामन्यापर्यंत पोचत नाही, तिच्याकडे येते. बहुतेक ठिकाणी सराव असा असतो: वीस बॉल टीवर, वीस सॉफ्ट टॉस, मग पिचर सलग एकाच जागी, एकाच वेगाने टाकत राहते. पाचव्या-सहाव्या बॉलपासून सगळं लागू लागतं. मुलीला बरं वाटतं, शिक्षकांना बरं वाटतं. पण तिने बॉल ओळखायचं काम केलेलंच नसतं, कारण पुढचा बॉल कसा येणार हे तिला आधीच माहीत असतं.

यावर 1994 मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या बेसबॉल खेळाडूंवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. नेहमीच्या सरावाशिवाय आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, प्रत्येक वेळी 45 जादा बॉल: 15 फास्टबॉल, 15 कर्व्ह (वळणारे), 15 चेंज-अप. एका गटाला एक प्रकार संपवून दुसरा दिला, दुसऱ्या गटाला तेच बॉल उलटसुलट क्रमाने दिले. शेवटी पहिल्या गटात सुधारणा झाली 25 टक्के, उलटसुलट क्रमाच्या गटात 57 टक्के. खेळ बेसबॉलचा होता, पण दोष तोच आहे जो आपल्या मैदानावर दिसतो.

म्हणून नवा ड्रिल शिकवताना पहिले काही बॉल एकाच जागी द्या, अंगाला हालचाल कळू द्या, आणि मग लगेच क्रम मोडा. टीवरसुद्धा दर बॉलला जागा बदला: आत, बाहेर, उंच, खाली. फ्रंट टॉसमध्ये मुद्दाम वाईट बॉलही टाका, आणि सोडलेल्या वाईट बॉललाही चांगल्या हिटइतकीच शाबासकी द्या. एका मुलीने सलग आठ-दहाच बॉल खेळायचे, मग बाहेर येऊन दुसरीची नोंद ठेवायची, मग पुन्हा आत. सामन्यात तिला सलग पन्नास बॉल मिळत नाहीत. थंड अंगाने, वाट बघून, अचानक पहिलाच बॉल मारावा लागतो. तेच सरावात करून घ्या.

असा सराव दिसायला वाईट दिसतो. जास्त बॉल हुकतात. मुख्याध्यापक बघायला आले तर त्यांना वाटेल पोरींचा खेळ घसरला. स्पर्धेच्या आदल्या दोन-तीन दिवसांत मात्र थोडे सोपे बॉल देऊन मुलींचं मन भरू द्या, तेव्हा नवीन काही शिकवू नका.

पावसाळ्यातले दिवस

आपल्या शालेय स्पर्धा पावसाळ्याला लागून येतात, आणि मैदानात चिखल असतो तेव्हा सराव बंदच पडतो. बंद पडायची गरज नाही. शाळेच्या व्हरांड्यात दोरीवर ताडपत्री किंवा जाड सतरंजी टांगा आणि बॅडमिंटनची पिसं मोडलेली जुनी शटल मारायला द्या. शटल वेगाने निघतं आणि पोचेपर्यंत मंद होतं, त्यामुळे घाई करणाऱ्या मुलींसाठी ते चेंज-अपसारखं काम करतं. लहान वस्तू असल्याने बॅटचा मधला भाग नेमका आणावा लागतो. बॅटऐवजी झाडूचा लाकडी दांडा दिला तर आणखी नेमकेपणा येतो. टाकणारीने बाजूला, चार पावलं लांब बसावं आणि डोळ्यांवर गॉगल घालावा.

डोळ्यांचा सरावही आतच होतो. जुन्या बॉलवर मार्करने मोठे आकडे लिहा किंवा लाल-निळे ठिपके द्या, फ्रंट टॉसने हळू टाका, आणि मारायच्या आधी रंग ओरडायला सांगा. ठरवून घ्या: लाल असेल तर मारायचा, निळा असेल तर सोडायचा.

तरीही सुटत नसेल तर

मग बॅट तपासा. शाळेच्या सामानाच्या खोलीत एकच स्लगर, म्हणजे सॉफ्टबॉलची बॅट, असतो, तोही मोठ्या मुलांसाठी घेतलेला, आणि तोच सातवीतली मुलगी वापरत असते. तिला नॉबकडचं टोक एका हातात धरून हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ लांबवायला सांगा. पंधरा-वीस सेकंदांच्या आत हात थरथरून खाली येत असेल तर बॅट तिला जड आहे, आणि तिच्या उशिरावर कोणताही ड्रिल चालणार नाही. नियमात बॅटची कमाल लांबी 34 इंच आहे, पण 34 इंचीच घ्या असं नियम म्हणत नाही. नवी बॅट घेणं शक्य नसेल तर हात नॉबपासून दोन बोटं वर धरायला लावा. लांबी थोडी गेली तरी बॅट वेळेवर येते.

सगळ्यात शेवटी, आणि खरं तर काहींच्या बाबतीत सगळ्यात आधी, डोळे. वहीतली नोंद जर कुठलाच नमुना दाखवत नसेल, म्हणजे फाउल दोन्ही बाजूंना, हुकणं कधी वरून कधी खालून, आणि संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर हे सगळं वाढत असेल, तर मुलीला नेत्रतपासणीला पाठवा. वर्गात फळ्यावरचं नीट दिसतं का, हेही विचारा. लांबचं कमी दिसणाऱ्या मुली टीवर अगदी छान मारतात, कारण तो बॉल हातभर अंतरावर असतो. नंबर निघाला तर चष्मा काढून ठेवायला सांगू नका. पॉलिकार्बोनेटची काच आणि मागून घट्ट बसणारा पट्टा लावून द्या, हेल्मेटखाली तो नीट बसतो का ते बघा, आणि पहिले आठ-दहा दिवस तिला फक्त पिचरसमोर उभं राहून "हो" आणि "नाही" म्हणू द्या.